ताक, पिठलं, शिरा

सकाळी साडेसातला लॅबची खिडकी उघडते. रक्त द्यायला आलेली माणसं बाही वर सारूनच रांगेत उभी असतात. लघवीची बाटलीही आता कुणी फारशी लपवत नाही. पण ती तिसरी डबी कधी उघड्या हातात दिसत नाही. ती पर्सच्या तळातून, जेवणाच्या पिशवीतून, वर्तमानपत्राच्या चार घड्यांतून निघते. कित्येक वर्षं ती खिडकीवर ठेवताना माणूस माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचा. पूर्वी तर आगपेटीत घालून आणायचे. काड्या काढून टाकलेली, दोऱ्यानं बांधलेली आगपेटी. एकदा एका आजींनी चकचकीत घासलेली कुंकवाची डबी दिली होती आणि वर म्हणाल्या, "डबी परत द्या हां बाई, चांदीची आहे."

या गप्प बसण्याचं मला अजून नवल वाटतं. कारण आपल्या घरांतून या विषयावर किती मोकळं बोललं जातं! माझे आजोबा सकाळी अंगणात बसून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक नातवंडाला विचारायचे, "साफ झालं का रे?" नाही म्हटलं की एरंडेलाची बाटली निघायची. कुणाला खडा झाला, कुणाला आव पडली, कुणाचं दोन दिवस पाणीच जातंय, हे चहासोबत सगळ्या घराला कळायचं. आणि तीच माणसं लॅबच्या खिडकीशी आली की मुकी होतात. डॉक्टरांसमोर तर "पोटाचा थोडा त्रास आहे" यापलीकडे जात नाहीत. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीतला मोठा भाग या मुकेपणाशी झटण्यात गेला. ते झटणं किती गरजेचं होतं, हे मात्र मला फार उशिरा आणि एका माणसाच्या नुकसानीतून कळलं.

मी डीएमएलटी करून एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लागले ते 1990 साली. आईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "रक्तच तपासायचं असतं ना?" मी हो म्हटलं. खोटं नव्हतं, अर्धं होतं. मला दिलेल्या टेबलावर मायक्रोस्कोपशेजारी सुदान-तीन नावाच्या रंगाची बाटली होती. डबीतला कणभर नमुना काचपट्टीवर घ्यायचा, अल्कोहोलचा थेंब, वर सुदानचा थेंब, आणि बघायचं. न पचलेली चरबी असेल तर केशरी थेंब दिसू लागतात. मोठं करून पाहताना एका नजरेच्या वर्तुळात साठाच्या वर थेंब मोजले, तर चरबी पचत नाही असं समजायचं. दिसायला सुंदर असतं ते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला खरंच केशर घातलेल्या दुधाची आठवण झाली आणि त्यानंतर दोन दिवस दूध गेलं नाही. आजोबांच्या एरंडेलाचा उलगडाही तिथेच झाला. एरंडेल घेतलेल्या माणसाच्या नमुन्यातही असेच थेंब तरंगतात. त्यामुळे आदल्या दिवसांत काय प्यायलं, हे विचारल्याशिवाय थेंब मोजण्यात अर्थ नसतो.

हे सगळं कशासाठी, तर स्वादुपिंडासाठी. जठराच्या मागे आडवी पडलेली ही ग्रंथी दिवसाला साधारण दीड लिटर पाचकरस आतड्यात सोडते. साखरेच्या आजारामुळे तिचं इन्सुलिनचं काम सगळ्यांना माहीत आहे. चरबी, प्रथिनं आणि पिष्ट फोडण्याचं तिचं काम मात्र बिघडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाला हे काम उमगलं ते 1840च्या दशकात, सशांमुळे. सशामध्ये स्वादुपिंडाची नळी आतड्याला पित्तनळीच्या बरीच खाली जाऊन मिळते. चरबी खाऊ घातलेल्या सशाच्या आतड्यावरच्या रसवाहिन्या त्या नळीच्या वर स्वच्छ होत्या आणि खाली दुधासारख्या पांढऱ्या. म्हणजे चरबी शोषण्याजोगी होते ती स्वादुपिंडाचा रस मिळाल्यावर. बेर्नारनं ससा उघडून बघितला. आम्हाला माणूस उघडायचा नव्हता. तोंडातून नळी घालून आतड्यातला रस ओढून काढायची पद्धत होती, पण ती रुग्णाचे हाल करणारी आणि मोजक्याच ठिकाणी होणारी. मग उरतं काय? जे शेवटी बाहेर येतं ते.

बालरोग विभागातून नमुने आले की आमचे सर एक जुनी युक्ती करायचे. क्ष-किरण विभागातून टाकाऊ फिल्मा मागवून ठेवलेल्या असत. फिल्मच्या काळ्या थराला जिलेटिन धरून ठेवतं आणि जिलेटिन हे प्रथिन. बाळाच्या शीचं पाण्यात वेगवेगळं पातळ मिश्रण करायचं, एकेक थेंब फिल्मवर ठेवायचा, तासभर सदतीस अंशांवर उबेत ठेवायचं आणि नळाखाली धुवायचं. स्वादुपिंडाच्या रसातलं प्रथिन फोडणारं ट्रिप्सिन असेल तिथे जिलेटिनची साय उतरते आणि फिल्मवर फिका डाग पडतो. डाग पडला नाही, तर रस पोचत नाही. मोठ्या माणसांत ही युक्ती चालत नाही, कारण त्यांच्या आतड्यातले जिवाणूसुद्धा जिलेटिन खातात आणि आपण फसतो.

एका बाळाची फिल्म मला अजून दिसते. सात-आठ महिन्यांचं, अंगात मांस म्हणून नाही, पोट तेवढं टपोरं. आई दिवसभर पाजते आणि बाळ दिवसभर शी करतं, असं आजीचं म्हणणं. धुऊन झाल्यावर फिल्म होती तशी काळीभोर. खिडकीपाशी आजी कुणाला उद्देशून नाही, अशी बोलली, "मुका घेतला की पोर खारट लागतं." सर खुर्चीतून उठले. घाम खारट आणि स्वादुपिंड बंद, ही सिस्टिक फायब्रोसिसची खूण. त्या काळी हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे नसतो, असंच शिकवलं जाई. घामाची तपासणी आमच्याकडे नव्हती, बाळाला मुंबईला पाठवलं. पुढं काय झालं ते आमच्यापर्यंत आलं नाही. लॅबमध्ये गोष्टीचं पहिलं पान येतं, शेवटचं क्वचित. पण आजीचं ते वाक्य कुठल्याच कागदावर नव्हतं, एवढं माझ्या लक्षात राहिलं. ते आम्ही विचारलं नव्हतं. ती बोलली म्हणून कळलं.

मोठ्यांसाठी एक जंगी तपासणी होती. बहात्तर तासांची चरबी. वान द कामर नावाच्या डच रसायनज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1949 साली बसवून दिलेली. रुग्णानं रोज शंभर ग्रॅम चरबी खायची, अंगवळणी पडली की पुढचे तीन दिवस जे जे होईल ते सगळं डब्यात जमा करायचं. दिवसाला सात ग्रॅमपेक्षा जास्त चरबी बाहेर पडली तर गडबड आहे. वाचायला सोपं वाटतं. वॉर्डातल्या खाटेवरच्या शेतमजुराला शंभर ग्रॅम चरबी कशी खाऊ घालायची, हे पुस्तकात नव्हतं. मी आणि आहारतज्ज्ञ बाईंनी मिळून हिशेब केला होता. म्हशीचं अर्धा लिटर दूध धरलं तर तीसबत्तीस ग्रॅम. दोन मुठी शेंगदाणे, म्हणजे चोवीस-पंचवीस. उरलेले तेला-तुपाचे तीन मोठे चमचे. एका रुग्णाची बायको कागदावरचा हिशेब ऐकून म्हणाली, "एवढं तर आमच्यात दिवाळीला बी होत न्हाई." तिनं शेजारच्या खाटेवरच्यांकडून तुपाची वाटी उसनी आणली. तीन दिवस तो माणूस राजासारखा जेवला आणि ते सगळं जसंच्या तसं डब्यात आलं.

डबे आणायचे काम वॉर्डातल्या सफाई कामगाराकडे होतं. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. डब्यांवर नाव-नंबर असे, पण मामांना चिठ्ठी लागत नसे. एका सकाळी डबा ठेवून ते म्हणाले, "ताई, ह्याच्यात हाय बघा. ह्ये पाण्यानं जात न्हाई. तीनदा बादली ओतली, भांड्याला चिकटून ऱ्हातंय. वर तेलाचा तवंग." मी डब्याचं वजन केलं, मिक्सरमध्ये एकजीव केलं, पोटॅशच्या अल्कोहोलात उकळलं, आम्ल घालून चरबीची आम्लं मोकळी केली, पेट्रोलियम इथरमध्ये ओढली आणि थेंबाथेंबानं अल्कली सोडत मोजली. दोन पंखे बाहेर वारा फेकत होते, तरी दुपारी जेवणाचा डबा उघडवला नाही. दिवसभराच्या खटाटोपानंतर उत्तर आलं, सात ग्रॅमच्या कितीतरी वर. मामांनी ते सकाळी आठ वाजता सांगितलं होतं.

आम्ही पांढरा कोट आणि हातमोजे घालून याच वस्तूवर काम करायचो आणि आम्हाला 'मॅडम' म्हणत. मामांना हातमोजे मागून घ्यावे लागत, आणि त्यांच्या हातचं पाणी न पिणारे लोक त्या इमारतीत होते. त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी हेच काम उघड्या हातांनी केलं. बघायचं कसं ते मी मामांकडून शिकले, पण ते त्यांना कधी सांगितलं नाही. आता ते नाहीत.

मग 2009-10च्या सुमाराला मी काम करत होते त्या खासगी लॅबमध्ये नवं किट आलं. फीकल इलास्टेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातलं इलास्टेज हे एन्झाइम शीत मोजायची चाचणी. आमच्या कानावर तोवर कायमोट्रिप्सिनचं नाव होतं, पण ते आतड्यातून येता येता बरंचसं मोडतं आणि रुग्ण एन्झाइमच्या कॅप्सूल घेत असेल तर कॅप्सूलमधलंच मोजलं जातं. इलास्टेज चिवट. आतड्याचा सगळा प्रवास करून शाबूत बाहेर पडतं, उलट वाटेत पाणी शोषलं गेल्यामुळे रसात असतं त्याच्या पाचसहापट दाट होतं. शिवाय किटमधली प्रतिपिंडं फक्त माणसाच्या इलास्टेजलाच पकडतात, त्यामुळे डुकराच्या स्वादुपिंडापासून केलेल्या कॅप्सूल चालू असल्या तरी बिघडत नाही. जर्मनीत गीसेनच्या झीगोलाइट यांनी ऐंशीच्या दशकात या चाचणीचा पाया घातला आणि 1996 साली लोझर व सहकाऱ्यांनी ती रुग्णांमध्ये पारखून दाखवली. गंमत म्हणजे तिच्या नावातला 'इलास्टेज-एक' हा आकडा चुकलेला आहे. माणसाच्या स्वादुपिंडात एक नंबरचं इलास्टेज बनतच नाही, ही चाचणी पकडते ते तीन नंबरचं. पण तोवर नाव रुळलं होतं. शाळेत चुकीच्या नावानं दाखला निघालेल्या मुलासारखं.

काम किती हलकं झालं! तीन दिवसांचे डबे गेले. शंभर मिलिग्रॅम नमुना पुरतो, ज्वारीच्या तीन-चार दाण्यांएवढा. द्रावणात घोळायचा, शहाण्णव खाचांच्या ताटलीत ठरल्या जागी घालायचा, थांबायचं, धुवायचं, रंग घालायचा. निळं चढतं, आम्ल घातलं की पिवळं होतं. पिवळं गडद तर इलास्टेज भरपूर, फिकं तर कमी. ग्रॅममागे 200 मायक्रोग्रॅमच्या वर म्हणजे ठीक, 100च्या खाली म्हणजे स्वादुपिंड जवळजवळ रितं. मधले धड ना इकडचे ना तिकडचे. मला ती ताटली आवडायची. वास नाही, डबा नाही, भिंतीकडे बघणारा माणूस नाही. आकडा छापून यायचा आणि आकड्यावर माझा विश्वास बसला.

तो विश्वास पहिल्यांदा वाढला तो एका मुलामुळे. सतरा-अठरा वर्षांचा, हाडं मोजावीत असा. बाप ट्रकचालक. साखरेचा आजार दोन वर्षांपूर्वी निघालेला, इन्सुलिन चालू, आणि तरी वजन उतरतच होतं. लहानपणापासून पोट दुखायचं, दुखलं की गुडघे पोटाशी घेऊन निजायचा. मी मामांचे शब्द उसने घेऊन विचारलं, "भांड्याला चिकटतं का? वर तवंग येतो?" मुलगा खाली बघत राहिला. बाप म्हणाला, "रश्शाला कट येतो ना, तसा." त्याच्या खाचेत पिवळा रंग नव्हताच म्हणायचा. पुढं फोटोत स्वादुपिंडात खडे निघाले.

या आजाराला आपल्या भागात इतिहास आहे. केरळातल्या डॉ. गीवर्गीज यांनी असे शेकडो रुग्ण पाहून 1968 साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि ते काढलं मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनानं. लहानपणी पोटदुखी, वयात येताना साखर, आणि ऐन उमेदीत मरण, असा त्यांच्या रुग्णांचा जीवनक्रम. पुण्यात केईएम रुग्णालयात डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही या साखरेचा अभ्यास केला. दारू न पिणाऱ्या, अर्धपोटी माणसांचा हा आजार. बराच काळ टॅपिओकावर संशय होता, नंतर एका जनुकातला दोषही सापडला. त्या मुलाला जेवणासोबत घ्यायच्या कॅप्सूल सुरू झाल्या. चार महिन्यांनी तो रक्त द्यायला आला तेव्हा शर्ट अंगाला बसत होता. बाप म्हणाला, "आता तवंग न्हाई." लॅबमध्ये शेवटचं पान असं क्वचित मिळतं. ते मिळालं म्हणून मी जरा फुशारले.

नंतरच्या वर्षी चैत्रात एक काका आले. साठीकडे झुकलेले, गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का. दोन महिने पोट बिघडलेलं. गर्दीचा दिवस होता. डबी घेतली, नंबर टाकला, ट्रेमध्ये ठेवली. काहीच विचारलं नाही. काढताना नमुना पिपेटनं ओढता येत होता, चमच्याची गरजच नव्हती. मला ते दिसलं. पण किटवर तसं काही करायला सांगितलेलं माझ्या डोक्यात नव्हतं, आणि ताटलीवर अठरा नमुने थांबलेले होते. उत्तर आलं नव्वदच्या आत. रिपोर्ट छापला, सही झाली, गेला.

साधं गणित होतं. इलास्टेज ग्रॅममागे मोजतात. पाण्यामुळे नमुना तिप्पट पातळ झाला असेल तर आकडा तिसऱ्या हिश्श्यावर येणार. स्वादुपिंड ठणठणीत असूनसुद्धा. दुधात पाणी घातलं की साय धरत नाही, म्हणून कुणी म्हशीला दोष देत नाही. ज्या लॅबमध्ये हे नीट करतात तिथे पाण्यासारखा नमुना परत पाठवतात, किंवा निदान रिपोर्टवर लिहितात की नमुना पातळ होता, आकडा भरवशाचा नाही. माझ्या रिपोर्टवर फक्त आकडा होता. शेजारी 'तीव्र कमतरता' असं किटमधलं तयार वाक्य.

काका परत आले ते श्रावणात. दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा तपासायला सांगितलं होतं. जुलाब मध्यंतरी जंतांच्या औषधानं थांबले होते. गळा मोकळा होता. नमुना चांगला बांधलेला, उत्तर चारशेच्या वर. मी जुना रिपोर्ट काढला, तारीख पाहिली आणि तो पिपेटनं ओढलेला नमुना डोळ्यांपुढे आला. मी स्वतः बाहेर जाऊन त्यांच्याशेजारी बसले आणि चूक कशी झाली ते सांगितलं.

ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "औषधाच्या दुकानात पोरानं कागद वाचून दाखवला, गोळ्या डुकराच्या आहेत म्हणून. डॉक्टर म्हणाले, जीव वाचवायचा तर घ्या. मग माळ काढून देवापाशी ठेवली आणि घेतल्या. तीन महिने. यंदा वारीलाही गेलो नाही, माळ नसताना कसा जाणार?" थोडं थांबून म्हणाले, "औषध म्हणून खाल्लं, त्याचं पाप लागत नाही म्हणतात. पण गरजच नव्हती ना, बाई?"

त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे मला उत्तर द्यायची सोयही राहिली नाही. उठताना म्हणाले, "अजून एक. पहिल्या डॉक्टरांनी बायकोला बाहेर नेऊन विचारलं, लपूनछपून घेतात का म्हणून." स्वादुपिंड गेलं म्हणजे दारू, हे समीकरण डॉक्टरांच्याही डोक्यात इतकं पक्कं असतं. माळकऱ्याच्या बायकोला ते विचारलं गेलं, आणि त्या प्रश्नाची सुरुवात माझ्या ताटलीतल्या एका फिक्या खाचेत होती.

त्या रात्री मी किटसोबतचं माहितीपत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. पातळ नमुन्याबद्दल एक ओळ होती. पहिल्या दिवसापासून होती.

त्यानंतर मी या चाचणीचं आणखी वाचत गेले. 1973 साली अमेरिकेत डिमॅग्नो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की स्वादुपिंडाची ताकद दहा टक्क्यांच्या खाली गेल्यावरच चरबी बाहेर पडू लागते. इतका साठा निसर्गानं राखून ठेवलाय. म्हणजे तवंग दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. इलास्टेज त्याच्या थोडं आधी सांगू शकतं, पण आजार नुकता सुरू झालेला असेल तर तेही चकवतं आणि दोनशेच्या वरचा आकडा देऊन मोकळं होतं. आकडा खाली आला तर आधी डबीत काय होतं ते विचारायचं. आकडा वर राहिला तरी माणसाला काय होतंय ते विचारायचं. दोन्हीकडून विचारणं सुटत नाही.

मग मी खिडकीवर विचारायला लागले. 'पातळ की घट्ट?' या प्रश्नाला सगळे 'मध्यम' म्हणतात. इंग्लंडात ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी 1997 साली सात चित्रांचा एक तक्ता केला, तो मी भिंतीला लावून पाहिला. लोक चित्रांकडे बघून तोंड फिरवायचे. शेवटी एक सासूबाई सुनेचा नमुना देताना आपणहून म्हणाल्या, "काल ताक होतं, आज पिठलं झालंय." आणि मला तक्ता सापडला. पाणी, ताक, पिठलं, शिरा, लाडू, लेंड्या. ज्या गोष्टीचं नाव घ्यायला आपण लाजतो, तिला आपण घरोघरी स्वयंपाकघरातलेच शब्द देत आलोय, आणि ते कुणाला घाणेरडे वाटत नाहीत. मी हातानं लिहून खिडकीला चिकटवलं. आमच्या मालकांनी दोनदा काढायला लावलं, लॅबच्या इभ्रतीला शोभत नाही म्हणून. तिसऱ्यांदा मी ते फॉर्मवरच छापून घेतलं. नमुना कसा आहे त्यावर खूण करा. खाली एक मोकळी ओळ: तुमच्या शब्दांत सांगा. तक्ता आल्यापासून माणसं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत नाहीत, तक्त्याकडे बघतात. हसतात आणि बोट ठेवतात. पाण्यावर बोट ठेवलं की आम्ही डबी परत करतो आणि पोट थांबल्यावर या, असं सांगतो.

गेल्या जूनमध्ये नवी मुलगी आली, डीएमएलटी नुकतीच झालेली. मास्क, दोन-दोन हातमोजे, आकड्यांत हुशार. पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्याकडे एक डबी आणली. फॉर्मवर शिऱ्यावर खूण होती, मोकळी ओळ कोरी. "मॅडम, फॉर्मवर शिरा आहे, पण हे तर ताक आहे. रन करू?"

मी म्हटलं, "तूच सांग."

तिनं क्षणभर डबी तिरकी केली, आतलं हलताना पाहिलं. मग झाकणावर मार्करनं मोठ्या अक्षरांत 'ताक' लिहिलं आणि खिडकीशी जाऊन नाव पुकारलं. एक बाई पदर सावरत उठल्या. "काकू, जरा इकडे या," ती हळू आवाजात म्हणाली, "सकाळपासून कितीदा झालं?"

काकूंनी आधी आजूबाजूला पाहिलं. मग खिडकीवर वाकून सांगायला लागल्या.